प्रवासात मोटारसायकलचा मागचा शॉकअप निकामी झाला तर

मोटारसायकलचा मागचा शॉक ॲब्सॉर्बर, ज्याला आपल्याकडे सर्रास शॉकअप म्हणतात, तो पंक्चरसारखा एका क्षणात दगा देतो असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा तो थोडाथोडा निकामी होत जातो, चालकाला गाडीच्या बदललेल्या चालीची सवय होते, आणि मग मागे सोबती, दोन्ही बाजूंना सामानाच्या पिशव्या व समोर घाटाचा उतार असताना एखाद्या खड्ड्यात त्याचा शेवट होतो. अशा वेळी पुढचे गाव किती किलोमीटर उरले, हा प्रश्न सर्वांत आधी मनात येतो. परंतु त्याचा क्रमांक दुसरा आहे. पहिला प्रश्न शॉकअपचा नेमका कोणता भाग गेला हा आहे, कारण गाडी हळू चालवत नेता येईल, ढकलत न्यावी लागेल की टेम्पोतच चढवावी लागेल, हे अंतरावरून ठरत नाही, मोडलेल्या भागावरून ठरते. पुढे जे लिहिले आहे ते भोरहून वरंधा घाटाने महाडकडे उतरणारी, दोन माणसांचा व सामानाचा भार असलेली गाडी डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. आंबेनळी, कुंभार्ली, आंबा किंवा चोर्ला घाटात परिस्थिती फारशी वेगळी नसते.

शॉकअपमध्ये दोन निरनिराळी कामे करणारे भाग एकत्र बसवलेले असतात. बाहेरची स्प्रिंग वजन पेलते. आतल्या नळकांड्यात तेलातून वर-खाली सरकणारा दट्ट्या त्या स्प्रिंगची उसळी आवरतो. दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून तेलाला जबरदस्तीने जावे लागते, त्यात धक्क्याची ऊर्जा उष्णतेत बदलते, आणि म्हणूनच खराब रस्त्यावर तासभर चाललेल्या गाडीचा शॉकअप हाताला गरम लागतो. अनेक शॉकअपांत तेलाला फेस येऊ नये यासाठी दाबाखाली नायट्रोजन वायूही भरलेला असतो. ही विभागणी समजली की पुढचे निर्णय सोपे होतात. तेल गळून गेले तरी स्प्रिंग शाबूत असेपर्यंत गाडी उभी राहते आणि सावकाश चालते. मात्र दांडा, टोकाची कडी, बोल्ट किंवा स्प्रिंग यांपैकी काही तुटले तर वजन पेलण्याचाच आधार जातो. स्प्लेंडर, शाईन, बुलेट यांसारख्या दोन शॉकअपच्या गाड्यांत अशा वेळी दुसऱ्या बाजूचा शॉकअप निदान गाडी उभी ठेवतो. युनिकॉर्न, एफझेड, पल्सर एनएस 200, ड्यूक किंवा हिमालयन यांसारख्या मोनोशॉकच्या, म्हणजे मागे एकच शॉकअप असलेल्या, गाड्यांत तोही आधार नसतो.

थांबण्यापूर्वी आणि थांबताना

गतिरोधक ओलांडल्यावर मागची बाजू एकदा बसून स्थिर होण्याऐवजी दोन-तीनदा उसळत राहणे, वळणात गाडी डोलल्यासारखी वाटणे, मागून धातूवर धातू आपटल्याचा आवाज येणे, टायर मडगार्डला घासल्याचा आवाज किंवा जळक्या रबराचा वास येणे, रात्री हेडलाइटचा झोत नेहमीपेक्षा वर जाणे, ही शॉकअप गेल्याची नेहमीची लक्षणे आहेत. यांपैकी काहीही जाणवले तर ॲक्सिलरेटर एकदम सोडू नये, हळूहळू कमी करावा. हँडल घट्ट आवळून धरल्यास डोलणे वाढते, म्हणून पकड मोकळी ठेवून शरीराचे वजन थोडे पुढे घ्यावे आणि गाडी सरळ रेषेत असतानाच वेग उतरवावा. मागचे चाक उसळत असेल तर ते क्षणभर रस्त्यापासून सुटते आणि त्याच क्षणी मागचा ब्रेक जोरात दाबला गेला तर चाक जाम होऊन गाडी घसरते. अनेक गाड्यांत एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, फक्त पुढच्या चाकाला असल्याने या बाबतीत त्याची मदत होत नाही. त्यामुळे इंजिनाच्या ओढीने, गिअर उतरवत आणि पुढचा ब्रेक हलक्या हाताने वापरत थांबावे.

घाटात वळणाच्या तोंडाशी थांबणे हे शॉकअप जाण्यापेक्षा अधिक धोक्याचे आहे. शंभर-दोनशे मीटर पुढे सरळ तुकडा किंवा रुंद साइडपट्टी दिसत असेल तर चालण्याच्या वेगाने तिथपर्यंत जावे. टायर मडगार्डला अडकत असेल तर उतरून ढकलावे. पावसाळ्यात दरडीच्या बाजूला गाडी लावू नये. थांबल्यावर आधी सोबत्याला उतरवावे आणि त्याला टॉर्च किंवा भडक रंगाचा रेनकोट देऊन मागच्या वळणापाशी, रस्त्याच्या बाहेर उभे करावे. कोणाला इजा झाली असेल तर 112 वर फोन करावा. स्वतःच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरून हा क्रमांक लागू शकतो. मुंबई–गोवा किंवा पुणे–बेंगळुरू यांसारख्या राष्ट्रीय महामार्गांवर 1033 ही महामार्ग प्राधिकरणाची मदतवाहिनी उपलब्ध आहे.

काय गेले ते ओळखणे

सर्वप्रथम मागच्या टायरमधील हवा पाहावी. हवा कमी झालेली गाडी अगदी शॉकअप गेल्यासारखीच डोलते, आणि पंक्चर काढून सुटणाऱ्या प्रश्नासाठी शॉकअप खोलायला बसणे हा वेळेचा अपव्यय आहे. त्यानंतर मागच्या ॲक्सलचा नट सैल नाही ना, हे पाहावे. हे दोन्ही ठीक असेल तरच शॉकअपकडे वळावे, आणि तेही पाच-दहा मिनिटे थांबून, कारण शॉकअप व सायलेन्सर दोन्ही तापलेले असतात.

गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचे चाक दोन्ही हातांनी वर उचलण्याचा प्रयत्न करावा. थोडीशी खळखळ होऊन मग स्प्रिंगचा विरोध जाणवला तर बोल्ट सैल झालेला आहे किंवा टोकांच्या कड्यांमधील रबरी बुश झिजलेले आहेत. चाक डावीकडे-उजवीकडे हलत असेल तर दोष स्विंग आर्मच्या (मागचे चाक चेसिसला जोडणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्याच्या) बुशांत किंवा चाकाच्या बेअरिंगमध्ये असू शकतो; तो शॉकअपवर ढकलू नये. मेन स्टँड नसलेल्या गाडीत एकाने मागचा ग्रॅब रेल उचलून धरावा आणि दुसऱ्याने चाक हलवून पाहावे. मग वरचा बोल्ट, खालचा बोल्ट, दोन्ही कड्या, स्प्रिंगचा प्रत्येक वेढा आणि मधला चकचकीत दांडा या क्रमाने टॉर्च टाकून पाहावे. स्प्रिंग तुटलेली असेल तर ती भेग चिखलाखाली झाकलेली असू शकते, म्हणून आधी कापडाने पुसून घ्यावे. मोनोशॉक गाडीत लिंकेज, म्हणजे शॉकअपला स्विंग आर्मशी जोडणारे सांधे, असेल तर त्याचे बोल्टही याच तपासणीत येतात. ते खाली चिखलाच्या माऱ्यात असतात आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतात.

शेवटी गाडी चाकांवर उभी करून सीटच्या मागच्या टोकावर दोन्ही हातांनी जोर देऊन सोडावे. चांगल्या स्थितीतील शॉकअप वर येऊन एकदाच स्थिर होतो. गाडी झोक्यासारखी वर-खाली होत राहिली तर आतल्या दट्ट्याचे काम संपले आहे. दांड्यावर व नळकांड्याच्या खालच्या भागावर तेलाचा ओला, धूळ चिकटलेला पट्टा दिसला तर सील फाटले आहे. येथे एक खबरदारी आवश्यक आहे. चेनच्या बाजूच्या शॉकअपवर चेनचे तेल उडून बसते आणि ते गळतीसारखेच दिसते. म्हणून ते पुसून, सीट पाच-सहा वेळा दाबून पुन्हा पाहावे. दांड्याभोवती ताजे तेल आले तरच ती गळती समजावी.

तेल कुठेही दिसत नाही, सर्व बोल्ट जागच्या जागी आहेत आणि तरीही गाडी उसळते आहे, अशी स्थिती लांबलचक दगडी रस्त्यानंतर येऊ शकते. हिमाचलमधील स्पितीला जाणाऱ्या मराठी मंडळींना ग्राम्फू ते लोसर या, साडेचार हजार मीटरपेक्षा उंच कुंझुम खिंड ओलांडणाऱ्या रस्त्यावर हा अनुभव येतो. सतत आपटून शॉकअपमधील तेल तापते, पातळ होते, त्याला फेस येतो आणि दट्ट्याला तेलाचा विरोध मिळेनासा होतो. हा बिघाड नाही. अर्धा-पाऊण तास सावलीत थांबल्यावर तीच सीट दाबून पाहावी. उसळी पुन्हा आवरली जात असेल तर भार कमी करून, वेग कमी ठेवून पुढे जाता येते. लवकर थंड व्हावा म्हणून तापलेल्या शॉकअपवर पाणी ओतू नये. दांड्यावरची माती त्या पाण्याबरोबर सीलपाशी जाऊन बसते आणि जो शॉकअप केवळ थकला होता तो खरोखरच गळू लागतो.

तेल गळाले आहे, बाकी सर्व शाबूत आहे

रस्त्यात सर्वाधिक वेळा भेटणारी स्थिती हीच आहे, आणि तिच्यात गाडी चालवत नेणे शक्य असते. मात्र इथे लक्ष शॉकअपवर नव्हे, गळलेल्या तेलावर द्यायला हवे. ते तेल टायरवर, मागच्या डिस्कवर किंवा ब्रेक पॅडवर गेले आहे का, हे पाहिल्याशिवाय एक मीटरही पुढे जाऊ नये. टायरच्या कडेला तेल लागले असेल तर सरळ रस्त्यावर काहीच जाणवत नाही आणि पहिल्याच वळणात गाडी झुकली की तीच कडा रस्त्याला टेकते. टायर साबणाच्या किंवा कपडे धुण्याच्या पावडरच्या पाण्याने घासून धुवावा, कोरडा करावा आणि कोरड्या मातीने चोळून पुन्हा पुसावा. पेट्रोल किंवा डिझेलने टायर पुसू नये; डिझेल स्वतःच निसरडे आहे आणि पेट्रोल रबराला मारक आहे. डिस्क साबणाच्या पाण्याने स्वच्छ होते, पण तेल प्यालेले ब्रेक पॅड धुऊन भरवशाचे होत नाहीत. त्यांच्यावर तेल गेले असेल तर मागचा ब्रेक नाहीच असे धरून चालावे लागते, आणि घाटाच्या उतारावर असे धरून चालणे मला योग्य वाटत नाही. अशा वेळी टेम्पो बोलवावा.

टायर व ब्रेक स्वच्छ असतील तर शॉकअपच्या खालच्या भागाभोवती जुने सुती कापड घट्ट गुंडाळून तारेने किंवा झिप टायने बांधावे, म्हणजे उरलेले तेल त्यात शोषले जाईल. कापडाचे टोक चेन, चाक किंवा सायलेन्सर यांच्याजवळ लोंबता कामा नये. त्यानंतर टूलकिटमधील आकड्यासारख्या (हुकाच्या आकाराच्या) पान्याने प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, एक-दोन पायऱ्या वाढवावा. बऱ्याच प्रवासी गाड्यांत अशा पाच पायऱ्या असतात. प्रीलोड वाढवल्याने उसळी आवरण्याची गेलेली क्षमता परत येत नाही, परंतु मागची बाजू खाली बसून आपटण्याचे प्रमाण कमी होते. दोन शॉकअपच्या गाडीत एकच गळत असला तरी दोन्ही बाजूंची पायरी सारखीच ठेवावी.

मग भार उतरवावा. सोबत्याने एसटीने किंवा दुसऱ्या गाडीने पुढे जावे, सामान सहप्रवाशांत वाटून द्यावे, आणि मागचा टॉपबॉक्स रिकामा करावा, कारण चाकाच्याही मागे असलेले वजन उसळी सर्वाधिक वाढवते. डांबरी रस्त्यावर ताशी 30 ते 40 किलोमीटर आणि खराब रस्त्यावर त्याहून कमी वेग ठेवावा. वळणात शिरण्यापूर्वीच वेग उतरवावा आणि वळणाच्या मध्यावर ब्रेक लावू नये. खड्डा टाळता येत नसेल तर फूटरेस्टवर किंचित उभे राहून गुडघे सैल ठेवावेत, म्हणजे अंगाचे वजन गाडीबरोबर आपटत नाही. दर चार-पाच किलोमीटरला थांबून कापड, टायर व डिस्क पाहावी.

घाटमाथ्यावर असताना कोणत्या दिशेला उतरावे, हा प्रश्न येतो तेव्हा एवढे ध्यानात ठेवावे की उतारावर गाडीचे वजन पुढे जाते आणि हलके झालेले मागचे चाक अधिक उसळते. म्हणून दट्ट्या निकामी झालेला असताना खडा उतार हा जास्त धोक्याचा असतो. वरंध्याच्या माथ्यावरून भोरकडे परत फिरणे आणि बिरवाडी-महाडकडे उतरणे यांत निवड करायची झाली तर मदत कुठे लवकर मिळेल याबरोबरच हाही विचार करावा. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट वाहतुकीसाठी वारंवार बंद ठेवला जातो, हेही विसरू नये.

बोल्ट किंवा बुश

बोल्ट पडणे किंवा तुटणे हा दिसायला भयंकर पण सुधारायला सर्वांत सोपा बिघाड आहे. गाडी एका बाजूला बसलेली, शॉकअप लोंबकळत असलेला, आणि प्रत्यक्षात शॉकअपला काहीही झालेले नाही, असे चित्र असते. अशा वेळी गाडीवरच तात्पुरता बोल्ट शोधावा. लेग गार्ड, सामानाचा कॅरिअर किंवा सोबत्याचा फूटरेस्ट यांचा बोल्ट जाडी व लांबीने जुळत असेल तर तो काढून वापरता येतो. ॲक्सल, ब्रेक कॅलिपर आणि इंजिन धरून ठेवणारे बोल्ट यांना मात्र कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये. जवळच्या गावात हार्डवेअरचे किंवा ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकान असेल तर तिथला बोल्ट अधिक चांगला. तो घेताना डोक्यावर 8.8 किंवा त्याहून मोठा आकडा कोरलेला आहे का, हे पाहावे. आकडा नसलेला साधा बोल्ट मऊ असतो आणि सततच्या धक्क्यांनी वाकतो. जाडी किंचित कमी असेल तर जुन्या ट्यूबची पट्टी किंवा पत्र्याची गुंडाळी घालून पोकळी भरावी, दोन्ही बाजूंना रुंद वॉशर घालावेत आणि शक्य असेल तर दोन नट एकमेकांवर आवळावेत. कडीच्या आत बोल्टाचा गुळगुळीत भाग यावा, आट्यांचा भाग येऊ नये, कारण आट्यांच्या खाचेतच बोल्ट प्रथम तुटतो.

झिजलेल्या बुशच्या जागीही ट्यूबची पट्टी चालते. दोन किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळावे, आणि त्यानंतर प्रत्येक थांब्यावर. असा बोल्ट टाकून एकट्याने सावकाश गॅरेजपर्यंत जावे. उरलेली सहल त्याच्यावर करू नये.

कडी, दांडा किंवा स्प्रिंग तुटली असल्यास

दोन शॉकअपच्या गाडीत एका बाजूची कडी किंवा दांडा तुटला असेल तर तो शॉकअप पूर्ण काढून टाकावा. अर्धवट लोंबणारा शॉकअप चाकाच्या आऱ्यांत किंवा चेनमध्ये गेला तर चाक जागच्या जागी जाम होते, आणि यापेक्षा वाईट काहीही होऊ शकत नाही. काढताना गाडी मेन स्टँडवर घ्यावी, चाकाखाली दगड किंवा लाकूड सरकवून स्विंग आर्मला आधार द्यावा आणि मगच बोल्ट सोडावा. उरलेल्या एका शॉकअपवर, त्याचा प्रीलोड शेवटच्या पायरीवर नेऊन, एकट्या चालकाने चालण्याच्या वेगाने धोक्याच्या जागेतून बाहेर पडावे आणि पहिल्या वस्तीपाशी थांबावे. एकाच बाजूने पेललेल्या वजनामुळे स्विंग आर्मला पीळ बसतो, चाक किंचित तिरके चालते आणि चेन एका कडेने घासते. म्हणून असे दहा-वीस किलोमीटर जाणे म्हणजे एका शॉकअपचा खर्च वाचवण्यासाठी स्विंग आर्म, चेन आणि स्वतःचा जीव पणाला लावणे होय.

टेम्पो मिळत नाही अशा दुर्गम जागी एक जुना उपाय आहे. ग्रिल-गेट बनवणाऱ्या वेल्डिंगच्या दुकानातून लोखंडी अँगलचे दोन सारखे तुकडे घेऊन, त्यांना दोन्ही टोकांना बोल्टाच्या मापाची भोके पाडून, दोन्ही शॉकअपांच्या जागी ते आधार म्हणून बसवता येतात. चपटी पट्टी वापरू नये, कारण ती दाबाखाली धनुष्यासारखी वाकते. दोन भोकांमधील अंतर चांगल्या शॉकअपवरून, चालक सीटवर बसलेला असताना मोजावे. गाडी स्टँडवर असताना मोजले तर मागची बाजू उंच राहते. बसवल्यावर चेनचा ढिलेपणा तपासावा, तो मधोमध साधारण 20 ते 30 मिलिमीटर असावा. आता गाडीला मागे स्प्रिंगच नसल्याने प्रत्येक धक्का थेट चेसिसच्या जोडांवर जातो, म्हणून ताशी 15 ते 20 किलोमीटरपेक्षा जास्त वेग नको आणि मजल गॅरेजपुरतीच असावी. काढलेला चांगला शॉकअप सोबत घ्यायला विसरू नये.

मोनोशॉकचा दांडा, कडी किंवा लिंकेजचा भाग तुटला तर मागची बाजू पूर्ण बसते आणि टायर मडगार्डला किंवा सीटच्या खालच्या भागाला टेकतो. अशी गाडी चालवत नेण्याचा कोणताही सुरक्षित मार्ग मला माहीत नाही. रस्त्याच्या मधून बाजूला घेण्यापुरती ती उचलून, स्विंग आर्म आणि चेसिस यांच्यामध्ये कठीण लाकडाचा ठोकळा घालून पट्ट्याने आवळता येते. पण त्यावर बसू नये, गाडी ढकलावी.

स्प्रिंगचा वेढा तुटला असता तुटलेले टोक शेजारच्या वेढ्यात अडकून गाडी थोडी बसते आणि चालूही शकते. तुकडा निसटून चाकात जाण्याचा धोका कायम असल्याने तिथेही टेम्पोच योग्य आहे.

रस्त्यावर कोणत्याही कारणाने शॉकअप खोलू नये, हे येथे ठळकपणे सांगायला हवे. दाबून बसवलेली स्प्रिंग यंत्राशिवाय सोडली तर ती हाड मोडण्याइतक्या जोराने सुटते. वायू भरलेल्या नळकांड्याला भोक पाडणे, तापवणे किंवा त्याच्या कडीला वेल्डिंग करणे जिवावर बेतू शकते. गावातील वेल्डर मदत करण्याच्या भावनेने कडी जोडून देतो म्हणाला तरी नम्रपणे नकार द्यावा. चेसिसच्या तुटलेल्या ब्रॅकेटला वेल्डिंग करणे अटळ असेल तर शॉकअप आधी काढावा, बॅटरीची दोन्ही टोके सोडावीत आणि फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूचा (इंजिन नियंत्रित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीचा) कपलरही काढावा. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणविषयक नियम लागू झाल्यानंतरच्या बहुतेक सर्व गाड्या इंजेक्शनच्याच आहेत, आणि वेल्डिंगच्या प्रवाहाने ईसीयू जळाला तर शॉकअपपेक्षा कितीतरी मोठा खर्च पुढे येतो.

टेम्पोत चढवणे

छोटा हत्ती किंवा पिकअप मिळाल्यावर गाडी घाईने चढवू नये. दोन भक्कम फळ्या लावून, तिघांनी मिळून, पुढचे चाक केबिनकडे करून ती आत घ्यावी आणि पुढच्या चाकाला केबिनच्या भिंतीचा टेकू द्यावा. पुढून दोन्ही बाजूंना दोर हँडलच्या खालच्या भागाला बांधून पुढचे शॉकअप अर्धे दबेपर्यंत ओढावेत. मागचा दोर मात्र ग्रॅब रेलला नव्हे, स्विंग आर्मला किंवा चाकाला बांधावा. मोडलेल्या शॉकअपवर ताण आला की वाटेत गाडी बसते, दोर सैल पडतो आणि ती आडवी होते. गाडी गिअरमध्ये ठेवावी, कार्ब्युरेटरच्या गाडीचा पेट्रोल कॉक बंद करावा आणि साइड स्टँडवर भार देऊ नये. निघण्यापूर्वी मोडलेल्या भागाची छायाचित्रे घ्यावीत. नेहमीच्या वाहन विम्यात झीज व यांत्रिक बिघाड यांची भरपाई मिळत नाही, परंतु रोडसाइड असिस्टन्सची जोड घेतलेली असेल तर टोइंगची सोय त्यात असू शकते. म्हणून खासगी टेम्पो ठरवण्याआधी त्या क्रमांकावर फोन करावा.

गॅरेजमध्ये

दोन शॉकअपच्या गाडीत एकच गेला असला तरी दोन्ही बदलावेत. एक नवा आणि एक थकलेला अशा जोडीत दोन्ही बाजूंचा विरोध असमान राहतो आणि वळणात गाडी डोलते. प्रवासात पैशांची अडचण असेल तर तेवढ्यापुरता एक बदलून घरी पोहोचल्यावर दुसरा बदलणे समजण्यासारखे आहे. तालुक्याच्या ठिकाणी स्प्लेंडर किंवा शाईनसारख्या गाड्यांचे शॉकअप सहसा मिळतात. ड्यूक किंवा हिमालयनचा मोनोशॉक मागवावा लागण्याची शक्यता अधिक असते. दुसऱ्या मॉडेलचा शॉकअप बसवायची वेळ आली तर दोन कड्यांमधील लांबी, बुशच्या भोकाचे माप आणि चेन-गार्डपासूनचे अंतर जुळवून पाहावे. तो बसवल्यावर दोघांनी सीटवर बसून पूर्ण दाब द्यावा आणि टायर कुठे टेकत नाही ना, हे तिसऱ्याने पाहावे.

अनेक ठिकाणी जुना शॉकअप कापून, तेल भरून, पुन्हा जोडून देतात. घरी परतण्यापुरता असा शॉकअप मी मान्य करेन, पण तोही एकट्याने आणि सामानाशिवाय. कारखान्यात बंद करून दिलेला शॉकअप पुन्हा त्याच दर्जाचा होत नाही, वायू तर परत भरलाच जात नाही. ज्या महागड्या शॉकअपांची रचनाच दुरुस्तीसाठी केलेली असते त्यांची गोष्ट वेगळी. ते जाणकाराकडून सील व तेल बदलून पुन्हा उत्तम चालतात.

शॉकअप बदलताना तो का गेला, हे शोधून घ्यावे. दांडा वाकलेला असेल तर स्विंग आर्म किंवा ब्रॅकेट तिरके झालेले असू शकते. सील एकाच बाजूने झिजले असेल तर बुश जाम झालेला असतो. वरच्या ब्रॅकेटच्या वेल्डिंगपाशी रंगात बारीक रेघ दिसली तर ती केसाएवढी भेग असू शकते, आणि ती तशीच सोडून नवा शॉकअप बसवण्यात अर्थ नाही.

निघण्यापूर्वी

कोकणात फिरणाऱ्यांसाठी एक सूचना विशेष आहे. जांभ्याची तांबडी माती ओली असताना दांड्यावर चिकटते, वाळल्यावर कठीण होते आणि प्रत्येक धक्क्याबरोबर सीलवर घासते. मुक्कामी पोहोचल्यावर ओल्या फडक्याने दांडा पुसणे एवढे केले तरी शॉकअपचे आयुष्य वाढते. वॉशिंग सेंटरमध्ये प्रेशरचा फवारा सीलवर थेट मारू देऊ नये.

दोघे आणि सामान असा भार असेल तर प्रीलोड निघतानाच वाढवावा. गाडीच्या पुस्तिकेत एकूण भाराची मर्यादा दिलेली असते, तीत चालकाचेही वजन धरलेले असते. सामानात शॉकअपच्या बोल्टांच्या मापाचे पाने, आकड्याचा पाना, जुळणारा एक जादा बोल्ट नट-वॉशरसह, जुन्या ट्यूबचा तुकडा, झिप टाय, सुती कापड आणि दोन आवळपट्टे एवढे ठेवले तर वर सांगितलेले जवळजवळ सर्व उपाय करता येतात. पाने घरीच बोल्टाला लावून पाहावेत, कारण काही गाड्यांत सायलेन्सर किंवा सामानाची चौकट आड येते आणि साधा पाना तिथे पोहोचतच नाही.

नवा शॉकअप बसवल्यानंतर पहिल्या शंभर किलोमीटरवर वरचे-खालचे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत, दांडा कोरडा आहे का हे पाहावे आणि सीट दाबून गाडी एकाच झोक्यात स्थिर होते याची खात्री झाल्यावरच पूर्ण भार लादावा.